सभागृहात न बोललेला सल्लागार

दर वर्षी २६ नोव्हेंबर उजाडला की शाळाशाळांतून राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन होते, सरकारी कचेऱ्यांत हारतुरे होतात आणि वक्त्यांना एक दिवसापुरती घटना आठवते. २०१५ पासून हा दिवस संविधान दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर चौथ्याच दिवशी, ३० नोव्हेंबरला, एक पुण्यतिथी येते आणि कोणाच्या ध्यानीमनी नसता निघून जाते. १९५३ साली त्या दिवशी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी बेनेगल नरसिंग राव यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ६६ वर्षांचे होते आणि हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे ते न्यायाधीश होते. भारताच्या राज्यघटनेचा पहिला कच्चा मसुदा ज्यांच्या लेखणीतून उतरला ते हे गृहस्थ. अलीकडे काही वर्षे त्यांचे नाव पुन्हा कानी पडू लागले आहे; परंतु ज्या हेतूने ते घेतले जाते तो हेतू नेहमीच शुद्ध असतो असे म्हणवत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे श्रेय कमी करण्यासाठी रावांची मूर्ती पुढे करावयाची, असा हा खटाटोप आहे. त्या वादाकडे वळावेच लागेल. पण ज्याच्या नावाने वाद घालावयाचा तो माणूस कोण होता हे तरी आधी पाहिले पाहिजे.

रावांचा जन्म २६ फेब्रुवारी १८८७ रोजी मंगळूर येथे झाला. वडील राघवेंद्र राव हे नामांकित डॉक्टर. घराणे चित्रापूर सारस्वतांचे, घरची भाषा कोकणी. पोर्तुगीज अमदानीत धर्म आणि देव सांभाळण्यासाठी गोमंतक सोडून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी जो किनारा वसविला, त्याच किनाऱ्यावरचे हे घर. म्हणून रावांना आपला माणूस म्हणण्याचा मोह गोमंतकीयास व्हावा हे स्वाभाविक आहे. पण तो मोह आवरलेलाच बरा. जातीच्या मेळाव्यात मिरविण्यासाठी थोरांची चरित्रे सांगण्याची जी खोड आपल्याकडे बळावली आहे तिच्यामुळे माणूस मोठा होत नाही, उलट आखडतो. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की त्या एका घरातून तीन कर्तबगार भाऊ निघाले. नरसिंग रावांचे एक बंधू बेनेगल रामा राव हे १९४९ ते १९५७ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, दुसरे बी. शिवा राव हे नामवंत पत्रकार आणि घटना समितीचे सभासद. घटनानिर्मितीची जी कागदपत्रे आज अभ्यासकांच्या हाती आहेत त्यांचे मोठे संकलन याच शिवा रावांच्या नेतृत्वाखाली झाले.

मंगळूरच्या कॅनरा हायस्कुलात शिक्षण, पुढे मद्रासची पदवी, तीही इंग्रजी, संस्कृत, पदार्थविज्ञान अशा एकमेकांशी फारसे सख्य नसलेल्या विषयांत पहिल्या वर्गाची, आणि नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताचा अभ्यास. जवाहरलाल नेहरू त्याच कॉलेजात त्याच सुमारास शिकत होते. दोघांच्या वाटा मात्र तेथून फुटल्या. नेहरू परतले ते वकिलीचा झगा टाकून तुरुंगाच्या दिशेने गेले, राव आय. सी. एस. होऊन १९१० साली बंगालमध्ये रुजू झाले. पूर्व बंगालच्या जिल्ह्यांत त्यांनी न्यायाधीशाचे काम केले. १९२५ मध्ये ते आसामात गेले आणि त्या सरकारचे कायदेविषयक सचिव म्हणून सुमारे आठ वर्षे राहिले. कायदा लिहिण्याची कला त्यांनी येथे आत्मसात केली. ही कला वकिलीहून निराळी आहे. वकील शब्दातील फट शोधतो. मसुदाकाराला ती फट आधीच दिसावी लागते.

या कलेची परीक्षा १९३५ नंतर झाली. १९३५ चा भारत सरकार कायदा १ एप्रिल १९३७ पासून प्रांतांत लागू व्हावयाचा होता. त्यापूर्वी देशातील सारे प्रचलित कायदे नव्या व्यवस्थेशी जुळते करून घेणे आवश्यक होते. कोठे गव्हर्नर जनरल या शब्दाऐवजी प्रांतिक सरकार घालावयाचे, कोठे अधिकाराची विभागणी करावयाची, असे हे हजारो बारीक टाक्यांचे शिवणकाम होते. रावांनी ते वेळेत पुरे केले आणि १९३८ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. ज्या कायद्याला काँग्रेसने गुलामगिरीची सनद ठरविले होते, त्याच्या अंमलबजावणीसाठी हा मनुष्य रात्रंदिवस राबत होता, हे लपविण्याचे कारण नाही. ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते. त्यांनी चळवळीत उडी घेतली नाही, तुरुंग पाहिला नाही, सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन जयजयकार मिळविला नाही. तरीही स्वतंत्र भारताला त्यांची गरज पडली. राज्य उलथून टाकण्यास एक जातीची माणसे लागतात आणि नवे राज्य कागदावर आखण्यास दुसऱ्या जातीची. पहिल्या जातीतल्यांना दुसरी माणसे थोडी रुक्ष वाटतात. ते आम्ही जाणतो.

कलकत्ता उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर असतानाच रावांकडे दोन कामे चालून आली, आणि ती दोन्ही गोमंतकीय वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावीत अशी आहेत.

पहिले काम सिंधू नदीच्या पाण्याचे. पंजाबने सतलजवर भाक्रा येथे धरण बांधण्याचा घाट घातला, तेव्हा खालच्या अंगाला असलेल्या सिंध प्रांताने तक्रार केली की वरच्यांनी पाणी अडविले तर आमचे कालवे कोरडे पडतील. १९४१ साली रावांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले आणि १९४२ मध्ये त्याने अहवाल दिला. नदी ज्याच्या हद्दीतून वाहते त्याची ती मालमत्ता, हा दावा रावांनी मानला नाही. खालच्याला पाणी जसेच्या तसे मिळालेच पाहिजे, हा दावाही त्यांनी मानला नाही. नदी ही उगमापासून मुखापर्यंत एक समजावी, शक्य तर प्रांतांनी आपसांत समझोता करावा, तो न झाल्यास न्याय्य वाटप व्हावे, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता. पुढे देशातील पाणीतंट्यांच्या विचारावर या अहवालाची छाया दीर्घकाळ राहिली. घटनेच्या २६२ व्या कलमाने आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी वेगळी व्यवस्था ठेवली. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळविण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात जो तंटा माजला त्यासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने निवाडा दिला, ती याच मार्गावरची एक पायरी. खालच्या अंगाला राहणाऱ्याचे दुःख काय असते हे सत्तरी आणि डिचोलीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. रावांनी ते सिंधच्या शेतकऱ्याच्या निमित्ताने कागदावर मांडले होते.

दुसरे काम हिंदू कायद्याच्या सुधारणेचे. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली हिंदू विधवांना मालमत्तेत हक्क देणारा कायदा झाला होता. पण त्यात इतकी संदिग्धता राहिली की ती निस्तरण्यासाठी १९४१ मध्ये समिती नेमावी लागली. अध्यक्ष राव. सभासदांत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे होते. समितीने सांगितले की चिंध्या जोडून भागणार नाही, विवाह आणि वारसा यांचा समग्र कायदा करावा लागेल. १९४४ मध्ये समितीचे पुनरुज्जीवन झाले, तिने देशभर फिरून साक्षी घेतल्या. ठिकठिकाणी सनातन्यांनी विरोध केला. समितीतही एक सभासद भिन्न मताचे निघाले. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा द्यावा एवढ्या एका सूचनेने धर्म बुडणार असे मोठमोठ्या पंडितांना वाटत होते. त्या वेळी गोव्यातील हिंदू मुलीला पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी कायद्याखाली तो वाटा मिळू लागून सात दशके झाली होती, आणि धर्म कोठेही बुडालेला नव्हता. परक्याने लादलेल्या कायद्यात एखादी गोष्ट चांगली असू शकते, हे कबूल करताना आपला स्वाभिमान दुखावून घेण्याचे कारण नाही. रावांच्या समितीने घातलेल्या पायावर पुढे डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल उभे केले, त्यापायी १९५१ साली मंत्रिपद सोडले आणि अखेर १९५५-५६ मध्ये ते बिल तुकड्यातुकड्यांनी संमत झाले. राव आणि आंबेडकर यांचे काम एकमेकांत गुंतले ते असे घटनेच्याही आधी.

१९४४ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर राव जम्मू-काश्मीर संस्थानचे पंतप्रधान झाले. महाराजांशी त्यांचे जमले नाही आणि वर्षभरातच त्यांनी ते पद सोडले. याविषयी अधिक लिहिण्याजोगे नाही.

१९४६ च्या जून महिन्यात मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि गोमंतकाच्या मुक्तिलढ्याचे नवे पर्व सुरू झाले. पुढल्याच महिन्यात, जुलैमध्ये, दिल्लीत बेनेगल नरसिंग राव घटना समितीचे सल्लागार नेमले गेले. समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला भरावयाची होती. राव तिचे सभासद नव्हते. त्यांना तेथे मत नव्हते आणि भाषणाचा अधिकारही नव्हता. या सल्लागारपदासाठी त्यांनी वेतन घेतले नाही. समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी समारोपाच्या भाषणात त्याचा आवर्जून उल्लेख केला. या बिनपगारी सल्लागाराने पहिली गोष्ट केली ती अशी की जगातील निरनिराळ्या देशांनी आपापल्या घटनांत कोणत्या प्रश्नाचा कसा निकाल लावला, याची टिपणे तयार करून सभासदांच्या हाती दिली. राष्ट्रपतीची निवड कशी व्हावी, वरिष्ठ सभागृह असावे की नसावे, न्यायाधीश कोणी नेमावेत, हे प्रश्न त्यांनी मार्च १९४७ मध्ये एका प्रश्नावलीच्या रूपाने मांडले. तुरुंगातून थेट सभागृहात आलेल्या अनेक सभासदांना देशभक्ती शिकविण्याची गरज नव्हती; आयर्लंडने काय केले आणि कॅनडाने काय केले हे कोणीतरी सांगावयास हवे होते. ते रावांनी सांगितले, आणि स्वतःचे मत कोठे संपते व माहिती कोठे सुरू होते ही रेघ बहुतांशी पाळली. त्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या घटनेच्या मसुद्यालाही त्यांचा हातभार लागला. ती घटना १९६२ च्या लष्करी क्रांतीत नाहीशी झाली. एकाच हाताने घडलेल्या दोन घटनांपैकी एक टिकावी आणि एक बुडावी, यावरून मसुदाकाराच्या सामर्थ्याची मर्यादा कळून यावी.

ऑक्टोबर १९४७ मध्ये रावांनी आपला मसुदा पुरा केला. त्यात २४३ कलमे आणि १३ परिशिष्टे होती. घटना समितीने आणि तिच्या उपसमित्यांनी तोवर जे निर्णय घेतले होते त्यांना कायद्याच्या भाषेत बसविणे हे या मसुद्याचे प्रमुख काम. जेथे निर्णय झाले नव्हते तेथे रावांनी १९३५ च्या कायद्याचा आणि आपल्या अनुभवाचा आधार घेतला. हा मसुदा डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीपुढे गेला. राव मात्र लगेच प्रवासास निघाले. अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंड या देशांत जाऊन तेथील न्यायमूर्तींना आणि मुत्सद्द्यांना भेटावे, आपल्या मसुद्यात काय खटकते ते विचारावे, असा हा दौरा होता.

येथे आम्ही जरा अधिक थांबणार आहोत, कारण या दौऱ्यातून जे निष्पन्न झाले त्याचे परिणाम या देशातील हजारो माणसांनी पुढे गजांआड भोगले.

१९४७ च्या पूर्वार्धात मूलभूत हक्कांच्या उपसमितीने आणि नंतर घटना समितीने मान्य केलेल्या कलमात असे होते की ड्यू प्रोसेस ऑफ लॉ असल्याखेरीज कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही. हे शब्द अमेरिकेच्या घटनेतले. त्यांचा अर्थ असा की सरकारने नुसता कायदा केला एवढ्याने भागत नाही; तो कायदा आणि त्याची रीत न्याय्य आहे की नाही हेही न्यायालय तपासू शकते. रावांना हे शब्द प्रथमपासून अस्वस्थ करीत होते. अमेरिकेत याच शब्दांचा आधार घेऊन न्यायालयांनी मजुरांच्या हिताचे कायदे मोडीत काढले होते. न्यूयॉर्क राज्याने पाव भाजणाऱ्या कामगारांचे काम दिवसाला दहा तासांहून जास्त असू नये असा कायदा केला, तर १९०५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मालक-मजुरांच्या करारस्वातंत्र्यावर घाला ठरविला. जमीनदारी नष्ट करावयास, कुळांना जमीन द्यावयास आणि सावकारीला आळा घालावयास निघालेल्या भारतात असे घडले तर? रावांची भीती अनाठायी नव्हती. वॉशिंग्टनमध्ये न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनीही त्यांना हेच सांगितले की लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाचे कायदे मूठभर न्यायाधीशांनी रद्द करावेत हे लोकशाहीला धरून नाही आणि न्यायाधीशांनाही हे ओझे झेपणारे नाही. राव परत आले आणि मसुदा समितीने ते शब्द काढून टाकले. त्यांच्या जागी जपानच्या नव्या घटनेतून घेतलेली शब्दरचना आली. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार माणसाचे स्वातंत्र्य काढून घेता येईल, असा तिचा आशय आहे. आजचे २१ वे कलम ते हेच.

कुळकायद्याला वाचविण्याच्या सद्हेतूने केलेला हा बदल होता. पण मालमत्तेच्या हक्काची तरतूद तर निराळ्या कलमात गेली होती. बदललेल्या शब्दांचा आघात झाला तो माणसाच्या देहावर. घटना समितीत हे अनेकांच्या लक्षात आले आणि कडाक्याची चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले, पण कौल कोणत्याच बाजूने दिला नाही. आणि पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये भरपाई म्हणून अटकेसंबंधीच्या संरक्षणाचे वेगळे कलम आणले, जे आज २२ वे आहे. त्यातही चौकशीविना स्थानबद्धतेला जागा राहिलीच. ज्या सभागृहातील अर्ध्याअधिक मंडळींनी बिनचौकशीचा तुरुंगवास भोगला होता त्यांनी असे करावे, हे कोडे आम्हांला आजही उलगडलेले नाही. फाळणीच्या आगीचा धूर तेव्हा दिल्लीच्या आकाशातून निवळलेला नव्हता, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

गोमंतकीयांस या शब्दांचे मर्म कळण्यास कायद्याच्या पोथ्या चाळाव्या लागत नाहीत. सालाझारच्या १९३३ च्या घटनेच्या आठव्या कलमातही नागरिकांच्या हक्कांची सुरेख यादी होती. फक्त त्याच कलमात अशीही सोय होती की विचारस्वातंत्र्यादी हक्कांचा उपभोग खास कायद्यांनी नियंत्रित केला जाईल. ते खास कायदे केले गेले, आणि मग जे घडले ते सारे कायद्यानुसारच घडले. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले आणि आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले गेले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांचीही रवानगी तिकडेच झाली. न्यायालय होते, कलम होते, शिक्का होता, सही होती. कार्यपद्धती अगदी प्रस्थापित होती! रावांसारख्या सज्जन सनदी अधिकाऱ्याने सरकार हे बव्हंशी शहाण्या माणसांच्या हाती असेल असे गृहीत धरले, कारण त्यांनी सरकार आतून पाहिले होते. बाहेरून, कोठडीच्या बाजूने, ते वेगळे दिसते. रावांच्या चरित्रातील उणीव आम्हांला दिसते ती एवढीच, पण ती लहान नाही.

घटना अमलात येऊन चार महिने होतात तोच कसोटी लागली. केरळातील कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली मद्रासेत डांबले होते. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की विधिमंडळाने कायदा केला आहे आणि त्याप्रमाणे अटक झाली आहे, यापलीकडे न्यायालयाने पाहावयाचे नाही. घटनाकारांनी अमेरिकेचे शब्द जाणूनबुजून गाळले, या इतिहासाचाही त्या वेळी विचार झाला. न्यायमूर्ती फजल अली यांनी एकट्याने सरळ विरोधी मत दिले. या निकालाची फळे १९७६ साली पिकली. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे असे सांगण्यासाठी न्यायालयाचे दारसुद्धा ठोठावता येणार नाही, असा निर्णय २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे वेगळे बोलले आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. चक्र फिरले ते १९७८ मध्ये. मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून चालणार नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. म्हणजे रावांनी पुढच्या दाराने बाहेर काढलेले तत्त्व न्यायमूर्तींनी तीस वर्षांनी मागच्या दाराने आत आणले. त्याच वर्षीच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही २१ वे कलम स्थगित करता येणार नाही असे ठरले. आणि १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट शब्दांत रद्द केला. १९७६ च्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. ४१ वर्षांनी तो निकाल चूक ठरविणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते.

मार्गदर्शक तत्त्वांची कथाही अशीच वळणावळणाची आहे. न्यायालयाकडून वसूल करता येतील असे हक्क एकीकडे आणि सरकारने ध्यानी ठेवावयाची कर्तव्ये दुसरीकडे, ही आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून सुचलेली विभागणी घटनेत यावी यासाठी रावांनी मोठा प्रयत्न केला. परदेश दौऱ्याहून परतल्यावर ते आणखी एक पाऊल पुढे गेले. मार्गदर्शक तत्त्वांसाठी केलेला कायदा मूलभूत हक्काशी विसंगत आहे एवढ्याच कारणास्तव रद्द होऊ नये, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. मसुदा समितीने ती स्वीकारली नाही. १९५१ साली मद्रासच्या चंपकम् दोराईराजन खटल्यात न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना मूलभूत हक्कांच्या मागे उभे राहावयास सांगितले आणि लगोलग पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने दोन तत्त्वांपुरते रावांचे म्हणणे घटनेत आले, आणि केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्ये ते बऱ्याच अंशी टिकले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मात्र ते सर्व तत्त्वांना लागू केले. म्हणजे १९४७ मध्ये एका विद्वानाने शांतपणे सुचविलेली गोष्ट आणीबाणीतल्या संसदेने अमलात आणली! १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात न्यायालयाने हा विस्तार रद्द केला. हक्क आणि तत्त्वे यांचा समतोल हाच घटनेचा गाभा आहे असे त्याचे कारण दिले. आमच्या मते मसुदा समितीने १९४८ मध्ये रावांना नकार दिला तोच निर्णय बरोबर होता.

आता त्या वादाविषयी. मसुदा समितीचा आराखडा फेब्रुवारी १९४८ मध्ये तयार झाला तेव्हा त्यात ३१५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. घटना समितीपुढे साडेसात हजारांवर दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि शेवटी ३९५ कलमांची घटना संमत झाली. २४३ आणि ३९५ यांमधील अंतर केवळ आकड्यांचे नाही. त्या प्रत्येक दुरुस्तीला सभागृहात उभे राहून कोणीतरी उत्तर द्यावयाचे होते. का स्वीकारावी, का नाकारावी ते पटवून द्यावयाचे होते. ते काम डॉ. आंबेडकरांनी केले. सात जणांच्या मसुदा समितीतील कोणी राजीनामा देऊन गेला, कोणी निवर्तला, कोणी परदेशी राहिला, कोणी दुसऱ्या कामात गुंतला, आणि भार एकट्या आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहातच सांगितले होते. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी तो वाहिला. उलट २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात आंबेडकरांनी श्रेयाचा वाटा प्रथम रावांना दिला, मग प्रमुख मसुदाकार सुरेंद्रनाथ मुखर्जी यांना दिला. ज्याने स्वतः होऊन दिले त्याच्याकडून हिसकावून घेण्याचा आव आणणे हा उद्दामपणा आहे, आणि ज्याने आयुष्यात कधी श्रेय मागितले नाही त्याच्या नावाने तो करणे हा रावांचाही अवमान आहे. रावांनी इमारतीचा आराखडा काढून दिला. तिच्यात कोण राहणार, अस्पृश्याला तिच्या पुढच्या दाराने येता येईल की नाही, हे प्रश्न आराखड्याने सुटत नसतात.

घटनेचे शेवटचे वाचन चालू होते तेव्हा राव दिल्लीत नव्हतेच. ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. जून १९५० मध्ये कोरियात युद्धाचा भडका उडाला तेव्हा सुरक्षा समितीचे अध्यक्षपद पाळीने भारताकडे, म्हणजे रावांकडे आले होते. त्या वर्षअखेर युद्धबंदीची शक्यता अजमावण्यासाठी नेमलेल्या तिघांच्या गटात इराणचे एंतेझाम आणि कॅनडाचे लेस्टर पिअरसन यांच्याबरोबर ते होते. तो प्रयत्न सफल झाला नाही. १९५२ च्या आरंभी ते हेगच्या न्यायालयात गेले, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि दोन वर्षेही पुरी झाली नाहीत.

त्यांच्या रिकाम्या जागी पाकिस्तानचे झफरुल्ला खान निवडून आले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, आणि डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने त्याच हेगच्या न्यायालयात भारतावर फिर्याद गुदरली की दमणहून त्या भागात जाण्याचा आमचा वहिवाटीचा हक्क भारताने अडविला. भारतातर्फे त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती छागला बसले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालला रस्ता होता, सैन्य आणि हत्यारे नेण्याचा हक्क नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असा तो निकाल होता. त्याच वर्षी रावांची टिपणे आणि लेख शिवा रावांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी १९ डिसेंबरला पणजीवर तिरंगा चढला, आणि १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव यांना २० डिसेंबर १९६१ पासून घटनेच्या पहिल्या परिशिष्टात जागा दिली. त्या दिवशी गोमंतकीयांच्या हाती २१ वे कलम आले ते १९४८ च्या मसुद्यातील शब्दांतच, आणि गोपालन खटल्याचा निकाल तेव्हा देशाचा कायदा होता.